मीठपाणी, टाकू नये

पोरगी: ...चौदा, पंधरा, सोळा, आणि हे कडेला अर्धवट दिसतंय ते धरलं तर सतरा. मावशी, सतरा भोकं आहेत.

मावशी: आधी झाकण लाव. बोलताना थुंकी उडते तुझी.

पोरगी: लावलं. आता बघा ना नीट. अख्ख्या प्लेटवर जीवाणूंची कशी दाट साय धरलीय, आणि त्या सायीत ही गोल गोल भोकं. मागच्या आठवड्यात सगळा वर्ग डबक्यांचं पाणी घेऊन इथे येऊन गेला. पंधरा जोड्या, तीस मुलं, आणि एकाच्याही प्लेटमध्ये एक भोक नाही. आणि मी, जिला जोडीच नव्हती म्हणून काल एकटीला बोलावलं, माझ्या प्लेटमध्ये सतरा.

मावशी: एकटी कशी? मी होते की काल.

पोरगी: होतात हो. पण हजेरीपटावर तुम्ही नाही. मी वर्षाच्या मधेच आले ना या शाळेत, म्हणून आम्ही एकतीस झालो. एकतिसाव्याचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. खेळाच्या तासाला सर मला शिट्टी धरायला देतात.

मावशी: मॅडम किती वाजता येणार आहेत?

पोरगी: चारला. आधी प्रश्न विचारणार, मग नोंदवहीत लिहायला सांगणार. ज्याला नवा विषाणू सापडला त्याने त्याचं नाव ठेवायचं, ही या प्रयोगशाळेची पद्धत आहे ना? मी वर्गात सांगून पण टाकलंय. तुम्ही जरा मॅडम व्हा ना, माझी तयारी होईल.

मावशी: मी काचा धुणारी बाई. मला कुठे मॅडम करतेस.

पोरगी: सव्वीस वर्षं तुम्ही या खोलीत आहात. हे सगळं ऐकून ऐकून तुमचं पाठ झालं असणार. विचारा.

मावशी: बरं. विषाणू म्हणजे काय?

पोरगी: पाकिटात घातलेला निरोप. निरोप म्हणजे डीएनए नाहीतर आरएनए, आणि पाकीट म्हणजे प्रथिनांचं कवच. बास. तोंड नाही, पोट नाही, श्वास नाही. स्वतःची नक्कल करायची तर दुसऱ्याच्या पेशीत शिरावं लागतं.

मावशी: पाकीट-बिकीट मॅडमना चालणार नाही.

पोरगी: त्यांच्यापुढे कवचच म्हणेन. पुढचा?

मावशी: प्रकार कसे पाडतात?

पोरगी: आत काय आहे ते आधी बघायचं. डीएनए की आरएनए, एक धागा की दोन. मग कवचाची घडण. कुणाचं वीस बाजूंचं, कापून पैलू पाडल्यासारखं, कुणाचं जिन्यासारखं गोल गोल वळत गेलेलं. जीवाणूंना लागतात त्या फेजना तर बऱ्याचदा खाली शेपूटही असते. मग कवचावरून चरबीचं पांघरूण आहे की नाही ते.

मावशी: ते मला साबणावरून कळतं. पांघरूणवाला असेल तर साबणाच्या पाण्यात त्याचं पांघरूण विरघळतं आणि तो मोडतो. इथे मुलांना मिळतात ते बहुतेक बिनपांघरुणाचे. साबणाला दाद देत नाहीत. म्हणून मला सगळी भांडी मोठ्या कुकरात घालून वाफवावी लागतात.

पोरगी: ऑटोक्लेव्हमध्ये.

मावशी: तुझ्यासाठी ऑटोक्लेव्ह. शिटी झाली की मी कुकरच म्हणते. आता सांग, एकटा असतो तेव्हा काय करतो?

पोरगी: कोण?

मावशी: विषाणू. पेशी नाही, जीवाणू नाही, आसपास कुणी नाही. तेव्हा?

पोरगी: हे मॅडम नाही विचारणार.

मावशी: मी विचारतेय.

पोरगी: काहीच करत नाही. खात नाही, वाढत नाही, म्हातारा होत नाही. नुसता असतो.

मावशी: म्हातारा होतो. नळीत भरून थंडीत ठेवले ना, तर दरवर्षी त्यातले थोडे थोडे मोडत जातात. अधूनमधून ताजे जीवाणू द्यावे लागतात. नाहीतर एक दिवस नळीत नुसतं पाणी उरतं.

पोरगी: पुस्तकात नाहीये हे.

मावशी: नसेल. जीवाणू मिळाला की काय करतो?

पोरगी: हा माझा आवडता. जीवाणूच्या अंगावर जाऊन चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, कवच बाहेरच. मग आतला सगळा कारखाना त्याचा. त्याच्याच नकला, त्याचीच कवचं, जुळणी, आणि जीवाणू फाटतो आणि शंभरेक नवे बाहेर. ते शेजाऱ्यांना लागतात, ते फाटतात, असं करत करत सायीला भोक पडतं. पण माझी भोकं ना, अगदी स्वच्छ नाहीयेत. मधे धुकं आहे. काचेवर कुणी हळूच श्वास सोडल्यासारखं.

मावशी: मधे?

पोरगी: प्रत्येकाच्या. बरोब्बर मधे.

मावशी: इकडे आण. उजेडात धर. तिरकी.

पोरगी: दिसलं? का हो असं होतं? मावशी?

मावशी: काही विषाणू सगळे जीवाणू फोडत नाहीत. काहींच्या आत शिरतात आणि गप बसतात. आपला धागा जीवाणूच्या धाग्यात गुंफून टाकतात. जीवाणू वाढला की हेही त्याच्याबरोबर वाढतात. पिढ्यान् पिढ्या. भाडेकरू असतो बघ, दार वाजवत नाही, आवाज करत नाही, घरमालक विसरूनही जातो. मग कधीतरी जीवाणूचे हाल झाले, ऊन लागलं, उपासमार झाली, की हा जागा होतो आणि घर फोडून बाहेर पडतो. ज्यांच्यात असा भाडेकरू आहे ते जीवाणू मरत नाहीत. म्हणून मधे धुकं.

पोरगी: तुम्हाला सगळं येतं, आणि म्हणे काचा धुणारी बाई.

मावशी: दुसरी प्लेट कुठाय?

पोरगी: कुठली?

मावशी: कंट्रोलची. जिच्यात डबक्याचं पाणी नव्हतं घालायचं. नुसते जीवाणू आणि बाटलीतलं मीठपाणी.

पोरगी: ती गरम कपाटात आहे. तिचं काय, तिच्यात काही नसतंच.

मावशी: आण.

पोरगी: चारला दहा मिनिटं कमी आहेत.

मावशी: तू बघितलीस ती.

पोरगी: आल्या आल्या बघितली.

मावशी: किती?

पोरगी: पाच.

मावशी: आणि मधे?

पोरगी: धुकं.

मावशी: याचा अर्थ तुला ठाऊक आहे.

पोरगी: आहे. डबक्याचं पाणी न घालता भोकं पडली, म्हणजे विषाणू डबक्यातला नाहीच. मीठपाण्यातून आला. म्हणजे माझं काहीतरी चुकलं. मावशी, प्लेट हातातून पडू शकते ना? पडतात की. फुटतात.

मावशी: प्लास्टिकची आहे ती.

पोरगी: तिसऱ्या मजल्यावरून पडली तर?

मावशी: इतकं काय त्या नावात? कुठलं ठेवणार होतीस?

पोरगी: नाही सांगत.

मावशी: नको सांगूस. मला आपली भांडी घासायची आहेत.

पोरगी: माझ्या आधीच्या शाळेत एक मैत्रीण होती. पहिलीपासून. बाक एक, छत्री एक. आम्ही इकडे आलो तेव्हा रोज बोलायचो, मग आठवड्याला, मग ती म्हणाली आता क्लास असतो. शेवटचा मेसेज माझाच आहे. तिने बघितलाय, पण त्याला तीन महिने झाले. आता आपणच परत कसं लिहिणार? काहीतरी कारण लागतं ना. नुसतं काय करतेस, असं लिहिलं की कसं केविलवाणं दिसतं. पण तुझ्या नावाचा एक विषाणू आहे, असं लिहिलं तर तिला उत्तर द्यावंच लागेल. असल्या मेसेजला कोण गप्प बसेल?

मावशी: तिचं नाव ठेवणार होतीस.

पोरगी: वहीत सराव पण केलाय. सही घोटतात तसा.

मावशी: ते स्टूल घे आणि बस. मीठपाणी तू नाही नासवलंस. मी नासवलं.

पोरगी: तुम्ही काल हात पण लावला नाही.

मावशी: काल नाही. शनिवारी. फ्रीजच्या दारात, खालच्या कप्प्यात, अगदी मागे एक नळी आहे. काढ ती. लेबल वाच.

पोरगी: मीठपाणी, टाकू नये. हे तुमचं अक्षर आहे.

मावशी: मीठपाणी नाही ते. तुझ्या सतरा भोकांचा बाप आहे.

पोरगी: कुणाचा विषाणू आहे हा?

मावशी: माझा. बावीस वर्षं झाली. अशीच एक तुकडी येऊन गेली होती, थोडे जीवाणू आणि प्लेटमध्ये ओतायचं थोडं आगर उरलं होतं. टाकायचंच होतं. भांडी घासायच्या बादलीतलं पाणी गाळलं, तुम्हा मुलांचं बघून शिकले होते, आणि मिसळून ओतलं. दुसऱ्या दिवशी भोकं. मधे धुकं. तेव्हाच्या सरांना नेऊन दाखवली. वाईट नव्हते ते. हसले आणि म्हणाले, मावशी, बादली स्वच्छ ठेवत जा.

पोरगी: बास?

मावशी: बास. नोंदवहीत हजेरी क्रमांकाचा रकाना असतो. मला कुठला क्रमांक? मग भरला नळीत. नाव तर लिहिता येईना, म्हणून मीठपाणी लिहिलं. टाकू नये हे खरंच लिहिलंय. वर्षातून एकदा, एखाद्या शनिवारी कुणी नसताना, ताजे जीवाणू घालून त्याला जागं करते. दुसऱ्या दिवशी भोकं बघते, नवी नळी भरते, लेबल लावते. झालं.

पोरगी: आणि या शनिवारी?

मावशी: माझी वेगळी छोटी बाटली असते मीठपाण्याची. ती संपलेली. म्हटलं मोठीतलं थोडं घेऊ, काळजीनं घेऊ. तेवढ्यात फोन वाजला. माझा फोन शनिवारी वाजत नाही. तसा इतर वारीही नाही वाजत. हातमोजा काढून धावले. कुठल्या तरी कंपनीची बाई होती, आधीच बोलून ठेवलेली. नवी योजना सांगत होती. एक दाबा, दोन दाबा. मी सगळं ऐकलं शेवटपर्यंत. परत आले तेव्हा कुठली पिपेट कुठे बुडवली होती ते नक्की आठवेना. वाटलं, बरोबरच असेल. सव्वीस वर्षांत अशी चूक केली नव्हती.

पोरगी: म्हणजे माझं काहीच नाही. त्या डबक्यात मी गुडघाभर चिखलात उतरले होते. बूट अजून वाळले नाहीत.

मावशी: राग आला असेल तर बोल.

पोरगी: आला होता. त्या योजनेच्या बाईपर्यंत होता. थांबा. आता मॅडमना हे सांगितलं तर या नळीचं काय होणार?

मावशी: नोंद नसलेलं काहीही फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. कुकर.

पोरगी: आणि नाही सांगितलं तर?

मावशी: तर तुझ्या प्लेटमधली भोकं डबक्यातली. तुझ्या मैत्रिणीचं नाव. नोंद झाली की तो मोठ्या फ्रीझरमध्ये जातो, उणे ऐंशीत. तिथे दरवर्षी कुणी जागं करावं लागत नाही, वर्षानुवर्षं राहतो. मार्चमध्ये मी निवृत्त होतेय. त्यानंतर त्याला कोण जागं करणार, हाच हिशोब मी दिवाळखोरासारखी रोज करत बसते.

पोरगी: म्हणजे गप्प बसलं तर तुमचंही भलं आणि माझंही.

मावशी: हो. म्हणून तर इतका वेळ भांडी घासली नाहीत मी. कंट्रोलची तेवढी एक प्लेट कुकरात टाकायची. टाकणारी मीच.

पोरगी: बावीस वर्षं तुमचा, आणि नाव जिला माहीतसुद्धा नाही अशा मुलीचं.

मावशी: मला चालेल. तो राहील तरी.

पोरगी: तुम्हाला चालेल हो. मला काय लिहायचं ते सांगा. तीन महिन्यांनी पहिला मेसेज करायचा आणि त्यात खोटं. मग तिचं उत्तर आलं, समजा लगेच आलं, तिने विचारलं कुठे सापडला, कसा सापडला. मग पुढचं पण खोटं. तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही हो. गृहपाठाचं सोडून.

मावशी: पावलं वाजतायत. मॅडम आल्या.

पोरगी: कंट्रोलची प्लेट आणते मी.

(पोरगी दोन्ही प्लेटा टेबलावर शेजारी शेजारी ठेवते. नळी मावशीच्या मुठीत.)

मॅडम: काय गं, सापडला म्हणे. शाळेच्या फाटकापासून ऐकत आलेय. दाखव.

पोरगी: सापडला, पण माझा नाही. ही बघा कंट्रोल. पाच भोकं.

मॅडम: हं. दोन्हीकडे सारखीच. धुकं. मीठपाण्यातून?

पोरगी: हो.

मॅडम: बाटली टाकून दे आणि तसं लिही. निराश होऊ नकोस, निम्म्या मुलांना ही प्लेट बघायचं सुचत नाही. पण आलं कुठून?

मावशी: माझ्याकडून.

मॅडम: मावशी, तुमच्याकडून? तुम्ही कधी हे काम करता?

मावशी: शनिवारी. ही नळी घ्या.

मॅडम: मीठपाणी, टाकू नये. अहो, ही नळी मी दर वर्षी फ्रीज साफ करताना बघते. मला वाटायचं, असेल मावशींचं काहीतरी मीठपाणी.

पोरगी: त्यांचा फेज आहे तो. बावीस वर्षं सांभाळलाय. भांड्यांच्या बादलीत सापडला, साबणाच्या पाण्यात, म्हणजे त्याला चरबीचं पांघरूण नाही. धुकं आहे म्हणजे गुंफून राहणारा. एवढं तर इथे उभ्या उभ्या कळतंय. शेपटी किती लांब आहे ते बघावं लागेल.

मॅडम: शेपटीवरून घराणं ठरवायचे दिवस गेले. आता जनुकं वाचून ठरवतात. मावशी, बावीस वर्षं तुम्ही त्या हुडच्या काचेआड एकट्या काम केलंत?

मावशी: वर्षातून एकदा.

मॅडम: हुडवर एकट्याने काम करायचं नाही, हा कागद भिंतीवर कोणी चिकटवलाय?

मावशी: मीच. दोनदा. एकदा ओलीनं निघाला म्हणून.

मॅडम: काही झालं असतं, घसरला असतात, तर सोमवारपर्यंत कुणाला कळलं नसतं.

मावशी: ते घरीही तसंच आहे मॅडम.

मॅडम: बसा तुम्ही. ऐका. नोंद नसलेली नळी मला ठेवता येत नाही. नियम मी केलेला नाही. पण नोंद करता येते. पाणी कुठलं हे माहीत आहे. तारीख?

मावशी: सात जुलै. बुधवार होता.

मॅडम: पण असाच नाही नोंदवता येणार. इतक्या वर्षांत नळीत आणखी कोण घुसलंय कुणास ठाऊक. एका भोकातून उचलायचा, परत वाढवायचा, त्यातल्या एका भोकातून परत. असं तीनदा. मग जनुकं वाचायला पाठवू. कदाचित तो आपल्याच जुन्या कुणाची नक्कल निघेल, नवा नसेलच. तयारी आहे?

मावशी: तीनदा करायचं कुणी?

मॅडम: तुम्ही. एवढी वर्षं करताय. पण एकटीने नाही. इतर दिवशी हुड मोकळा नसतो, आणि शनिवारी मी येऊ शकत नाही, सासऱ्यांना बघायला कुणी नसतं.

पोरगी: दोन माणसं लागतात ना फक्त?

मॅडम: त्यातलं एक मोठं.

पोरगी: मावशी मोठ्या आहेत.

मॅडम: आईची चिठ्ठी लागेल.

पोरगी: देईल. शनिवारी ती कामावरच असते. घरी मी नुसती कुलूप लावून बसते, आतून.

मॅडम: मग आण. आणि मार्चनंतरचं मार्चनंतर बघू, मावशी, मी आत्ता काही कबूल करत नाही. नोंदवही घे गं, तुझं लिही आधी. नवा विषाणू: नाही. कारण सविस्तर.

पोरगी: अर्धं पान पुरेल?

मॅडम: तुला? पान पलटलंस तरी चालेल. मी खाली ऑफिसात आहे.

मावशी: गेल्या.

पोरगी: गेल्या. मावशी, मूठ सोडा, नळी त्या घेऊन गेल्या केव्हाच.

मावशी: सवय.

पोरगी: मी मेसेज लिहिलाय. ऐका. माझ्या प्लेटमध्ये दुसऱ्याच एका बाईचा विषाणू निघाला, गोष्ट लांब आहे, सांगू का? असा.

मावशी: विषाणूला तिचं नाव नाही, काही नाही.

पोरगी: नाही. पाठवू?

मावशी: उत्तर नाही आलं तर?

पोरगी: तर नाही आलं. शेवटचा मेसेज परत माझाच. गेला. पाठवला.

मावशी: ठेव तो फोन आता. बघत बसू नकोस त्याच्याकडे.

पोरगी: शनिवारी किती वाजता येता तुम्ही?

मावशी: दहाला. आगर वितळवून ठेवते मी, ते हातात घेतल्यावर झटपट ओतावं लागतं. उशीर चालत नाही.

पोरगी: बस कधी कधी येतच नाही हो. झालाच उशीर तर?

मावशी: तर आगर गोठेल.

पोरगी: मग?

मावशी: मग परत वितळवीन.